सोमवार पाळणारी मोरी

हुंगण्याने आडबंदरच्या खाडीत सर्वांत आधी कोणाचं नाव घेतलं असेल, तर ते पांडू गिरकराच्या म्हशीचं. ती रोज दुपारी पाण्यात डुंबायला जाते हे गावाला माहीत होतं, पण सरकारला नव्हतं. आता तेही झालं.

यंत्राचं खरं नाव 'जलस्थ जैवांश वाचन केंद्र, क्रमांक सात' असं होतं. ते उच्चारताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे, म्हणून गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचा हुंगणा करून टाकला. धक्क्याच्या टोकाला उभं केलेलं फ्रिजएवढं पांढरं कपाट, त्यातून पाण्यात सोडलेली नळी आणि वर एक फलक. दर दोन तासांनी फलकावर यादी उमटायची : खाडीतून कोण गेलं.

यात जादू काही नव्हती. कोणताही जीव पाण्यातून गेला की मागे थोडा सांडतो. कातडीचा कण, एखादा खवला, बुळबुळीत थेंब. त्या कणात त्याचा सगळा वंश लिहिलेला असतो. आधीची यंत्रं एवढंच सांगायची की इथून बांगडा गेला. हुंगणा सांगायचा, कोणता बांगडा, नर की मादी, आणि काल गेलेल्या बांगड्याचा तो सख्खा भाऊ की चुलत. फक्त माणसांच्या बाबतीत कायद्याने त्याच्या तोंडाला कुलूप होतं. तिथे तो नुसता आकडा द्यायचा.

तरी घोटाळा झालाच. गेल्या श्रावणात. श्रावण पाळणाऱ्या आडबंदरात श्रावणभर फलकावर सुरमई, बांगडे आणि कोळंबी येत राहिली, आणि सांडपाण्याच्या नळ्या कोणाकोणाच्या परसातून खाडीला मिळतात हे सगळ्यांना पाठ होतं. ग्रामपंचायतीची तातडीची सभा झाली. खाण्यातल्या माशांची नावं फलकावर येऊ नयेत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पंचायतीच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव. यंत्रात तशी चाळणी बसवण्यात आली. जे मासे कोणाच्या ना कोणाच्या टोपात जातात, ते सगळे चाळणीत अडकायचे. उरलेले फलकावर.

ही चाळणी लक्षात ठेवावी. पुढे लागेल.

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी हुंगण्याच्या केंद्रात मदतीला असलेला उमाकांत तारी नेहमीसारखा दहाची यादी बघून चहाला गेला आणि बाराची बघायला परत आला. फलकावर म्हशीच्या खाली ओळ होती :

पिठूळ मोरी. मादी एक. पिल्ले चार, तिचीच.

उमाकांतने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. ओळ तिथेच होती. मग हा सेहेचाळीस वर्षांचा, कानात जुनी कळ असलेला आणि गावात गंभीर म्हणून ओळखला जाणारा माणूस धक्क्यावर उभ्या उभ्या उडी मारता झाला.

मोरी म्हणजे शार्क. आपल्याकडे तिची ओळख बहुतेक ताटात होते. त्यातली पिठूळ, पिठात लोळवल्यासारख्या रंगाची, हातभर, खाडीच्या तोंडाशी राहणारी, शास्त्रज्ञांना साठ वर्षांत दिसली नव्हती. पुस्तकात तिच्या लांबलचक नावापुढे 'बहुधा नामशेष' असं लिहिलेलं होतं. आणि ती इथे, म्हशीच्या खाली, लेकुरवाळी.

उमाकांत एके काळी पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवायचा. पर्यटक माशांकडे पाठ करून फोटो काढायचे आणि हा त्यांना वर आणायचा. अठ्ठावीसाव्या वर्षी एका ट्रॉलरच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायला त्याला खाली धाडलं. जाळ्यात एक मोरी होती, मादी. गुदमरताना तिने तिथेच पिल्लं टाकायला सुरुवात केली होती. मोऱ्या अडकल्या की असं करतात. उमाकांतने जाळं कापून तीन पिल्लं हाताने बाहेर सोडली. दोन निघून गेली. तिसरं त्याच्या पोटाखाली, त्याच्या सावलीत शिरलं आणि तिथेच राहिलं. तो सरकला की तेही सरके. टाकीतली हवा संपेपर्यंत, वीस मिनिटं.

वर येऊन तो घरी गेला आणि आईला म्हणाला, "आये, आजपासून मोरी माका नको."

"मगे जेवतलंस काय?" आई म्हणाली.

प्रश्न साधा नव्हता. आईची, म्हणजे गावाच्या तारीकाकींची, खानावळ धक्क्यापासून चाळीस पावलांवर होती, आणि तिचं नाव मोरीच्या कालवणावर उभं होतं. ज्या टोपात मोरी शिजते त्या टोपाच्या घरात आपण जेवणार नाही, असं उमाकांत म्हणाला. टोप तुझ्या बारशाच्या आधीपासून इथे आहे, असं काकी म्हणाल्या. तेव्हापासून अठरा वर्षं लेक आईकडे फक्त सोमवारी जेवत आला. सोमवारी काकी मासळीला हात लावत नसत. सोमवारी डाळभात, अळूची भाजी, शिरवाळे कधीतरी. दोघं समोरासमोर बसत आणि पावसाबद्दल बोलत.

तर पिठूळ मोरी. त्या ओळीवर बरंच काही लटकलं होतं. खाडीच्या तोंडाबाहेर गेला महिनाभर एक जहाज नांगर टाकून उभं होतं, गाळ उपसणारं. मोठ्या पर्यटक बोटींसाठी खाडीचा तळ चार पुरुष खोल खरवडायचा, असं ठरलं होतं. समितीची शेवटची सुनावणी तीन आठवड्यांनी, मंगळवारी. तिथे जिवंत दुर्मीळ जीव सिद्ध झाला तर जहाज परत. नाही तर बुधवारी सकाळी खरवडायला सुरुवात.

हुंगण्याची देखरेख डॉ. शाल्मली रानडे यांच्याकडे होती. पुण्याच्या. धावत आल्या तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"पुन्हा दिसू दे," त्या म्हणाल्या. "एक ओळ म्हणजे अपघात. वीस ओळी म्हणजे वस्ती."

बुधवारी ओळ आली. गुरुवारी आली. तीच मादी, तीच चार पिल्लं. शुक्रवार, शनिवार, रविवार. दिल्लीहून अभिनंदन आलं, एका परदेशी विद्यापीठाने मॅडमच्या केंद्राला आपली 'सिस्टर' संस्था म्हटलं. उमाकांतला रात्री झोप आणि दिवसा भूक लागेना. रविवारी तो जहाजाच्या दिशेने हात करून मोठ्याने हसला म्हणतात. हे पाहिलं कोणी नाही, पण गावात सर्वांना माहीत आहे.

सोमवारी ओळ आली नाही.

मंगळवारी आली.

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी मॅडमनी त्याला केंद्रात बोलावलं. त्यांचे डोळे चमकत होते. टेबलावर आलेख होता.

"तारी, बसा. नीट ऐका. ही मोरी रोज येते, अकरा ते बाराच्या दरम्यान. भरती असो, ओहोटी असो. चंद्राशी संबंध नाही, पाण्याच्या उष्णतेशी नाही. आणि दर सातव्या दिवशी ती येत नाही. सात दिवसांची लय. कोणत्याही माशात आजवर अशी लय सापडलेली नाही. मी निबंधाचं नावसुद्धा ठरवलंय."

"सातवा दिवस कोणता, मॅडम?"

"कोणता म्हणजे? सातवा."

"वार कोणता?"

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं. "सोमवार. का?"

डॉ. रानडे यांच्या घराण्यात सात पिढ्या कोणी मासा खाल्ला नव्हता. ज्याने कधी मासा खाल्लाच नाही त्याला कोणत्या वारी खायचा नाही हे कुठून ठाऊक असणार? त्यांना सगळे वार सारखे. एवढ्या हुशार बाईच्या हातून ही चूक व्हायला पुण्याच्या सात पिढ्यांची शिस्त कामी आली होती.

उमाकांत उठला. धक्क्यावरून चाळीस पावलं चालला, आणि चाळीसाव्या पावलाला खाली बघितलं. खानावळीच्या मोरीवाटे, म्हणजे भांडी घासायच्या मोरीवाटे, निघालेलं गटार रस्त्याखालून सरळ खाडीत जात होतं. हुंगण्याच्या नळीपासून दहा हातांवर.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. ताजी मोरी कुठून येणार? सुकी येते. मे महिन्यात मीठ लावून वाळवलेली, बरणीत ठेवलेली. रोज अकराच्या सुमाराला काढायची, पाण्यात भिजवायची, दोनदा धुवायची आणि पाणी ओतून द्यायचं.

हुंगणा कोण गेलं ते सांगतो. कसं गेलं ते सांगत नाही. आणि चाळणीत पिठूळ मोरीचं नाव नव्हतं, कारण जो मासा नामशेष झाला तो कोणी खातो, असं ठराव करताना कोणाच्या मनात आलं नव्हतं.

रविवारी जेवणाची वर्दळ संपल्यावर उमाकांत आईच्या स्वयंपाकघरात शिरला. अठरा वर्षांत पहिल्यांदा, सोमवार नसताना. काकी टोप पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि टोप खाली ठेवला.

"कोण मेला?" त्यांनी विचारलं.

"आये, ती बरणी दाखय."

"खयची?"

"सुक्या मोरीची."

काकींनी बरणी काढली. तळाशी पाच-सहा तुकडे उरले होते, फिकट, पिठात लोळवल्यासारखे. उमाकांत बघत राहिला.

"ह्या काय ता म्हायत असा तुका?"

"पिठूळ," काकी म्हणाल्या. "तुझ्या आजयेच्या वेळेक लय गावायची. हिका नारळ कमी लागता."

"पोटात पिलां होती?"

"चार. तींय ह्याच बरणीत. तुका कोणी सांगल्यान?"

"यंत्रान."

काकींनी बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "वायट यंत्र आसा."

"खंय गावली ही? कोणी हाडल्यान?"

"बाबल गिरकराच्या रापणीत. मे म्हयन्यात."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. अख्खी वाडी दोरीला लागते, आणि नियम असा की दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो रापणकर असो, वाटेने जाणारा पोस्टमन असो, की पाय दुखतात म्हणून टेकायला आलेली तारीकाकी असो. काकींनी दोरीला हात लावला होता. वाट्यात मोरी आली होती.

"चाळीस माणसां होती दोरयेक," उमाकांत म्हणाला. "एकानय माका सांगूक नाय?"

"कोण सांगतलो? तू भाषण करतंस. मागच्या फावटी बाबल फक्त 'मोरी' म्हणालो, तर दीड तास उभो केलंस तेका उन्हात."

हे खरं होतं. उमाकांत पाटावर बसला. त्याने आईला सगळं सांगितलं. जहाज, मंगळवार, अठरा ओळी. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपल्यापुढे दोनच रस्ते आहेत. गप्प बसायचं, उद्या नाही पण परवा सुनावणीत आलेख दाखवायचा, आणि आईच्या भांडी धुण्याच्या पाण्यावर खाडी वाचवायची. किंवा खरं सांगायचं, आणि बुधवारी जहाज आत.

"गप रवलंस तर?" काकींनी विचारलं.

"खाडी वाचतली. बरणीत तुकडे असत थोपर्यंत."

"आणि तू?"

काकींनी पदराला हात पुसले, बरणी काखेत मारली, दुसऱ्या हातात एक डबा घेतला आणि चपला घातल्या.

"खंय चललंस?"

"तुझ्या मॅडमकडे. माझा नाव लिवन घे म्हणतंय. मी खाल्लंय, मी सांगतंय. तू आपलो मागसून ये."

डॉ. रानडे यांनी बरणी पाहिली, आलेख पाहिला, पुन्हा बरणी पाहिली. मग खुर्चीत बसल्या. 'सिस्टर' म्हणणाऱ्या विद्यापीठाला त्या दुसऱ्या दिवशी काय सांगणार होत्या कोण जाणे. काकींना वाटलं होतं की आता आपल्याला अटक होणार, म्हणून त्यांनी घरून डब्यात चार पोळ्या आणल्या होत्या. पण संरक्षित माशांच्या यादीत पिठूळ मोरी नव्हती. ती नामशेष आहे म्हणून दहा वर्षांपूर्वी तिचं नाव काढून टाकलं होतं. जे उरलं नाही त्याचं रक्षण करण्याची तरतूद कायद्यात नव्हती, त्यामुळे काकींच्या हातून गुन्हा घडला नव्हता.

"मे महिन्यात एक होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणजे मे महिन्यात किमान दोन होत्या. पिल्लं एकटीने होत नाहीत." त्या एकदम ताठ बसल्या. "तारी, माझ्याकडे आईचा वंशलेख आहे. चार पिल्लांचा आहे. प्रत्येक पिल्लात अर्धा आईचा. तो वजा केला की उरतो तो बापाचा. चार पिल्लांचे चार तुकडे जुळवले की मला बाप जवळजवळ पुरा लिहिता येतो. त्याला न बघता. तो या खाडीत कुठे असेल आणि त्याच्या अंगाजवळचं अर्धा लिटर पाणी मला मिळालं—"

"सकाळी मिळेल," उमाकांत म्हणाला. आणि आईकडे वळला. "आये, मोरी जाळ्यात खंय लागली ता म्हायत असा?"

"म्हातारीच्या खडकाच्या आडोशाक. बाबल माका सांगता सगळा. मी भाषण करणय नाय."

सोमवारी सकाळी नऊ वाजता, भरती पुरी होऊन पाणी स्थिर झालं तेव्हा उमाकांत म्हातारीच्या खडकापाशी उतरला. पाच वर्षांत तो पाण्याखाली गेला नव्हता. कानातली कळ दोन पुरुष खोलीवर सुरू झाली. आषाढातली खाडी म्हणजे घट्ट चहा. स्वतःचा हात दिसत नव्हता. कॅमेरा नेला असता तर चहाचे फोटो आले असते.

पण मोरीला डोळे लागत नाहीत. तिच्या नाकाडाला बारीक भोकं असतात, आणि त्या भोकांना वीज कळते. धडधडणाऱ्या हृदयातून जी कणभर वीज पाण्यात पसरते, ती तिला हातभर अंतरावर दिव्यासारखी लागते. उमाकांतला हे ठाऊक होतं. त्याने तळाला पोट न टेकता स्वतःला अधांतरी ठेवलं, हातपाय थांबवले, श्वास लांबवला. त्या सगळ्या गढुळात हलणारी एकच गोष्ट ठेवली : हृदय. ते तर हलत होतंच. एवढ्या जोरात, की वर होडीत बसलेल्या बाबलला ऐकू येईल असं त्याला वाटलं.

दहा मिनिटं गेली. बारा. काही नाही. त्याला बरणी आठवली. त्याला बुधवार दिसू लागला.

मग पोटाखालचं पाणी ढकललं गेलं.

प्रवाह नव्हता तो. प्रवाह एका बाजूने येतो. हे खालून आलं, थांबलं, आणि पुन्हा आलं. सहाणेसारखं खरखरीत काहीतरी त्याच्या बोटांना घासून पुढे गेलं, वळलं, आणि पोटाखाली शिरून राहिलं. उमाकांत कणभर सरकला. तेही कणभर सरकलं. अठरा वर्षांपूर्वीचं ते वजन, नसलेलं वजन, त्याच्या पोटाला ओळखू आलं. मुखवट्याच्या आत डोळ्यांत पाणी आलं. बाहेर तर होतंच.

बाटली उघडताना बूच बोटांतून निसटून गेलं. मग त्याने अंगठाच बुचासारखा लावला आणि वर येईपर्यंत काढला नाही.

धक्क्यावर बाबल गिरकर, मॅडम आणि सोमवार म्हणून मोकळ्या असलेल्या तारीकाकी उभ्या होत्या. बाटली हुंगण्यात रिकामी केली. यंत्र गुरगुरलं. बाबलने खिशातून पान काढलं आणि तोंडात न घालता हातात धरून ठेवलं.

फलकावर अक्षरं उमटली :

मानव. एक.

"तो मी," उमाकांत म्हणाला. "अंगठ्याचा."

पिठूळ मोरी. नर एक, प्रौढ. नोंदीतील चार पिल्लांचा बाप.

आणि त्याखाली, थोड्या वेळाने, यंत्रालाही विश्वास बसला नसावा अशा संथपणे :

पिठूळ मोरी. मादी एक, अल्पवयीन. वरील नराची मुलगी. मागील विणीची.

मॅडमनी बाबल गिरकराला मिठी मारली. तोच सर्वांत जवळ उभा होता. पान खाली पडलं. उमाकांत ओल्या कपड्यांत धक्क्यावर मांडी घालून बसला आणि हसू लागला. त्याला थांबता येईना. काकी मात्र फलकाखाली उभ्या राहून दुसरी ओळ दोनदा वाचत होत्या, ओठ हलवत.

"बापूस," त्या म्हणाल्या. "थयसरच फिरता मेलो. तीन म्हयने." मग बऱ्याच वेळाने, कोणाकडेही न बघता : "तेच्या बायलेक नारळ कमी घातलंय मी."

मंगळवारी सुनावणी चौदा मिनिटं चालली. उमाकांतने बरणीपासून सगळं सांगितलं, आईचं नावही, कारण तिने बजावलं होतं की नाव गाळलंस तर घरी येऊ नकोस. अध्यक्षांनी दोन ठिकाणी हसू दाबलं आणि एका ठिकाणी दाबलं नाही. जिवंत नर, जिवंत मुलगी, खाडीत वीण. अकरा वाजता निकाल आला आणि बाहेरच्या जहाजाने नांगर उचलायला घेतला. ते जात असताना हुंगण्याने त्याच्या बुडाला चिकटलेल्या सतरा जातींच्या शिंपल्यांची नोंद केली. त्यातल्या एकीचंही नाव चाळणीत नव्हतं, पण त्यांच्यासाठी कोणी उडी मारली नाही.

उमाकांत धक्क्यावरून घराकडे निघाला. खानावळीवरून जाताना थांबला. दारातल्या पाटीवरून सगळ्यात वरची ओळ पुसलेली होती, ओल्या फडक्याने, घाईत. मोठा टोप परसात पालथा घातला होता आणि त्यावर गिरकराची कोंबडी बसली होती.

काकी दारात आल्या.

"जेवूक ये."

"आये, आज मंगळवार."

"माका वार म्हायत असत," काकी म्हणाल्या. "पाय धुव आणि ये."

बाराच्या यादीत त्या दिवशी पिठूळ मोरी नव्हती. डॉ. रानडे यांनी आपल्या वहीत नोंद केली : सात दिवसांची लय आज मोडली. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून 'आई' असं लिहिलं, आणि काकी रविवारी तिथेच विसरलेला डबा उघडला. काकींच्या चार पोळ्या अजून तशाच होत्या.